साहेबांचं शाईपॅड आणि हिरड्याची हमाली

"पावती कुठाय?" कानिटकर साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

ते इन्कम टॅक्स ऑफिसर, मी टॅक्सच्या प्रॅक्टिसमध्ये नवा वकील. शेजारी खुर्चीच्या टोकावर माझे अशील, पौडचे बाबूभाई तांबोळी. गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. बाबूभाई हिरड्याचे व्यापारी. हिरडा कातडी कमावायला लागतो. मुळशीच्या डोंगरातली माणसं तो गोळा करून डोक्यावरून खाली आणायची, मग बैलगाडीनं तो पौडला यायचा. तिथून बाबूभाई पुण्याच्या दलालाकडे पोचवायचे.

आता टॅक्स विक्रीवर नसतो, नफ्यावर असतो. विक्रीतून खर्च वजा केला की उरतो तो नफा. साहेबांचं म्हणणं, हमालीची आणि गाडीभाड्याची एकही पावती नाही, म्हणजे तो खर्च झालाच नाही. असं धरलं की बाबूभाईंचा नफा कागदावर दुपटीनं फुगत होता. त्यावरचा टॅक्स भरायला त्यांना नुकतीच घेतलेली जुनी लॉरी विकावी लागली असती. लॉरी गेली की धंदाही गेला.

"साहेब, हिरडा काय स्वतःच्या पायानं पौडला आला?" मी विचारलं.

"कसाही येवो. मला व्हाउचर हवं."

व्हाउचर म्हणजे पैसे दिल्याची चिठ्ठी. ती आपणच लिहायची, खाली घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. पावती न मिळणाऱ्या खर्चाला ती चालते.

"सायब, आमच्याकडं कुनी अंगठा देत न्हाई," बाबूभाई म्हणाले. "धरनाच्या वक्ताला कागुद झालं आन् जिमिनी पान्यात गेल्या. तवापास्नं मानूस कागुद बघितला का हात मागं घेतोय."

"सबबी नकोत. मी स्वतः येतो. एका दुपारात सगळ्यांचे अंगठे घेऊन दाखवतो."

मी लगेच तारीख लिहून घेतली. वकिलाला गप्प कधी बसायचं हे कळलं तरी बरंच काम होतं.

ठरल्या दिवशी साहेब एसटीनं पौडला उतरले. बॅगेत कोरी व्हाउचरं आणि नवंकोरं शाईपॅड. बाबूभाईंनी लॉरी पुढे आणली.

"पार्टीच्या गाडीत मी बसत नाही. पार्टीचा चहाही घेत नाही."

माणूस सरळ होता, हे मी आजही सांगेन. त्यांनी सखाराम नावाच्या गाडीवानाची बैलगाडी स्वतः ठरवली. त्या सरळपणापायी माझंही कंबरडं मोडलं.

डोंगराखालच्या वाडीत खळ्यावर हिरडा वाळत पडला होता. आठ-दहा बाया-बाप्ये जमले. साहेबांनी शाईपॅडचं झाकण उघडलं मात्र, सगळे हात गायब झाले. कुणाचे पदराखाली, कुणाचे पाठीमागे, एकानं तर काखेत दडपले. मला हसू आवरेना, म्हणून मी बैलांना पेंढा घालायला गेलो.

सगळ्यांत पुढे ठकूबाई नावाची म्हातारी होती. साहेबांनी तिला विचारलं, "बाबूभाईंनी मजुरी दिली?"

"दिली की. रोकडी देतोय त्यो."

"मग इथं अंगठा लावा."

"देवळात चला, भंडारा उचलून सांगते. अंगठा न्हाई."

"आजी, यात तुमचं काही जाणार नाही."

"तवाबी असंच सांगितल्यालं. सायब बोलायला लई ग्वाड हुता."

यावर साहेबांनी झाकण लावलं.

पौडला परतल्यावर त्यांनी सखारामच्या हातावर तीन रुपये ठेवले आणि सवयीनं व्हाउचर पुढे केलं. सखारामनं शाईपॅड पाहिलं आणि पैसे परत दिले.

"ऱ्हाऊ द्या सायब. पावनं आलं व्हतं म्हनायचं."

फुकट बसणं साहेबांना चालणार नव्हतं, अंगठा देणं सखारामला. नोटा इकडून तिकडे बऱ्याच फिरल्या. शेवटी पैसे सखारामकडे राहिले आणि कोरं व्हाउचर साहेबांकडे.

एसटीत मी त्यांच्या शेजारी बसलो. "साहेब, हे गाडीभाडं सरकार देईल ना?"

"देईल."

"पावतीशिवाय?"

"मी सर्टिफिकेट देईन. खर्च प्रत्यक्ष झाला, या भागात पावती मिळत नाही. खाली सही."

"तेवढंच वाक्य बाबूभाईंनी लिहून दिलं तर?"

साहेबांनी बॅगेतलं कोरं व्हाउचर काढून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही भारी चावट आहात, वकील."

बाबूभाईंनी तसं लिहून दिलं आणि साहेबांची ऑर्डर आली. वरच्यांना दाखवायला थोडी कात्री लावली होती, बाकीचा खर्च मंजूर. लॉरी वाचली. मला माझी पहिली केस जिंकल्याइतका आनंद झाला, कारण खरं म्हणजे ती पहिलीच होती.

बाबूभाई फी घेऊन आले. पैसे टेबलावर ठेवले, पण उठेनात.

"आता काय राहिलं?"

"पावती," ते म्हणाले. "वकिलाची फीबी धंद्याचाच खर्च न्हवं?"

मी ड्रॉवर उघडला आणि बंद केला. महिनाभर पावत्यांवरून भांडत हिंडलेल्या माझ्याकडे पावतीपुस्तकच नव्हतं.

बाबूभाईंनी खिशातून एक कोरं व्हाउचर काढून माझ्यासमोर ठेवलं.

"अंगठाबी चालंल," ते म्हणाले.

मी त्याच संध्याकाळी पावतीपुस्तक विकत आणलं. त्याची पावती तेवढी घ्यायची राहिली.