डाव्याचं उजव्याला

दुपारचे अडीच. लाल रंगावर हॅलोजनचा दिवा लावून ठेवलाय आणि मी शेजारच्या बाकड्यावर आडवा झालोय. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तोच लाल उजेड आहे. शेवटचा हात सुकायला तासभर लागेल. पोरगी चार वाजता गाडी न्यायला येणार आहे. तोवर डोळा लागला तर लागला, असं म्हणत मी कूस बदलतो.

पोरगी म्हणजे अक्षता, आण्णाप्पा मगदूमची एकुलती एक. तिला काही माहीत नाही. जयसिंगपुरात ब्रेकला हीटप्रूफ रंग चांगला कोण देतं, असं तिनं कुणाला तरी विचारलं आणि त्यानं माझं नाव सांगितलं, एवढंच. कॅलिपर लालभडक करून द्या काका, म्हणाली. उद्या आईला घेऊन आंबा घाटातनं रत्नागिरीला जायचंय, म्हणाली. आणि बापाची गाडी माझ्या दारात लावून गेली. बाप आठ महिन्यांपूर्वी वारला. त्याच्या मयताला मी गेलो नाही. मला त्याला जिवंतपणी गाठायचं होतं, आणि तो मेला तेही झोपेत, सुखानं.

काम मी जीव ओतून केलंय. चाकामागच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळून गाडी थांबवतात ते कॅलिपर सोडवले, तारेच्या ब्रशनं घासले, धुतले, रंगवले. डिस्कच्या घासणाऱ्या तोंडाला टेप लावली आणि फक्त कड आणि मधला गोल काळा केला. दृष्ट लागावी असं काम झालंय. मग आज सकाळी मी डावा कॅलिपर उजव्या बाजूला बसवला आणि उजवा डाव्या बाजूला. असं केलं की ब्रेक ऑइलमधली हवा काढायचं निप्पल वरच्या अंगाला असायचं ते खाली येतं. मग कितीही पंप करा, हवा वर अडकून राहते. गावात दोन-चार ब्रेक बरे लागतात. घाटात लागत नाहीत.

हे मी चुकून केलेलं नाही. ही चूक मला एकोणीस वर्षं तोंडपाठ आहे.

"नीट तापतंय का रं?" कुणीतरी विचारतं.

वस्ताद, म्हणजे आण्णाप्पा मगदूम, ड्रायव्हरच्या सीटवर बसलाय. दार उघडं, एक पाय बाहेर. अंगात तोच ग्रीसनं काळवंडलेला शर्ट. पुढची दोन्ही चाकं काढलेली आहेत, गाडी लोखंडी घोडीवर उचललेली आहे, आणि तो असा ऐसपैस बसलाय की जणू हे अजून त्याचंच गॅरेज आहे. अकरा वर्षं मी त्याच्याकडं काम केलं. त्याला वस्ताद म्हणायचो, अहो-जाहो करायचो, त्याच्यासमोर कधी चहा प्यायलो नाही.

"उतर खाली," मी म्हणतो. जन्मात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे करतोय.

तो उतरत नाही. माझ्या कामाकडं वाकून बघतो आणि रंग झ्याक आलाय म्हणतो. त्यानं शाबासकी द्यावी म्हणून मी कधी काळी दिवस दिवस उपाशी राबलोय. आज ती ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

गाडी आता आमच्या घरात आहे. स्वयंपाकघरात, चुलीला बोनेट टेकवून. ती दारातून आत कशी आली हे मी विचारत नाही. आई पाठमोरी बसून सुपात जोंधळे निवडतीय. आई मेलीय हे मला ठाऊक आहे. माझा धाकटा भाऊ उत्तम गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, याच जागी उभं राहून वस्तादानं तिला सांगितलं होतं की तुमच्या थोरल्यानं, सर्जेरावानं, कॅलिपर उलटे बसवले, माझंच चुकलं, मी बघायला पाहिजे होतं. किती सोज्वळ वाटलं होतं ते सगळ्यांना. ती गाडी एका गिऱ्हाइकाची, उत्तम तिच्यावर ड्रायव्हर होता. पन्हाळ्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही. त्या दिवशी मी फक्त रंग दिला होता. बसवायच्या वेळी मी तिथं नव्हतोच, मला त्यानंच सांगलीला ब्रेक ऑइल आणायला पाठवलं होतं. मी हे आईला किती वेळा सांगितलं. तिनं शेवटपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मरताना तोंडात पाणी घालायचं तेही शेजारणीकडनं घालून घेतलं.

"सांग तिला," मी म्हणतो.

वस्ताद काचेतून आईच्या पाठीकडं बघतो. "म्या बसवलं," तो म्हणतो. "सर्जा नव्हता. म्या बसवलं."

आईचे हात सुपात चालूच आहेत. मेलेल्यानं मेलेलीला सांगून काय उपयोग, हे मला कळतंय. पण मला ते ऐकायचं होतं. मी त्याला पुन्हा सांगायला लावतो. मग हात जोडून सांगायला लावतो. तो जोडतो. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. आणखी बरं वाटावं म्हणून मी त्याला तिसऱ्यांदा जोडायला लावतो, आणि या वेळी तेवढं बरं वाटत नाही म्हणून मला जास्तच राग येतो.

का केलंस, असं मी त्याला विचारतो. एकोणीस वर्षं या प्रश्नाची उत्तरं मी स्वतःच रचत आलोय. एकाहून एक काळी उत्तरं.

"भ्यालो," तो म्हणतो.

एवढंच. एवढ्याशा शब्दापायी माझी आई माझ्या हातच्या पाण्याविना गेली.

मी त्याला उद्याचं सांगतो. मुद्दाम, सावकाश, चव घेत सांगतो. तुझी पोरगी, तुझी बायको, तुझी गाडी, आंबा घाट. लोक म्हणतील, ब्रेकवाल्या मगदूमच्या घरचीच गाडी ब्रेकविना गेली. तो रडेल, पायावर लोळण घेईल, अशी मी वाट बघतोय. त्यानं गयावया करावी म्हणून तर मी हे सगळं मांडलंय.

तो बाहेर काढलेला पाय आत घेतो आणि पेडलवर ठेवतो.

"हवा नीट काढली न्हाईस," तो म्हणतो. "चल, काढू. म्या दाबतो."

घराची भिंत नाही. घाटाचं वळण आहे, कडेला पांढरे दगड, खाली नुसतं धुकं. गाडी घोडीवर तशीच, चाकं नसलेली, वळणाच्या ऐन तोंडाशी. आणि मी तिच्याखाली कुशीवर पडलोय, हातात दहाचा पाना. आत कसा सरकलो ते कळत नाही. अकरा वर्षं तो आत बसून दाबायचा आणि मी खाली पडून निप्पल खोलायचो. त्यानं म्हटलं की माझा हात आपोआप चालतो. या हाताचीही मला चीड येते.

"धरलंय. खोल."

मी खोलतो. निप्पल जमिनीकडं तोंड करून आहे. तेल येतं, स्वच्छ, संथ, बुडबुड्याशिवाय.

"हवा आली?"

"नाही."

"येनार न्हाई. हवा वर हाय आन् तोंड खाली." तो दारातून वाकून खाली बघतो. पेडल मात्र सोडत नाही. "त्या दिवशी मलाबी असंच दिसलं हुतं, सर्जा. गाडी भाईर पडायच्या आदी."

धुकं रस्त्यावर येतं. मला माझा पाना दिसत नाही.

"दिसलं हुतं?"

"व्हय. मालक हॉर्न वाजवीत हुता. उत्तम गाडीत बसून हसत हुता. म्हटलं, जाऊ दे आता. सांजच्याला परत आली की बदलू."

मी समजत होतो की तो चुकला आणि मग खोटं बोलला. त्यावर मी एकोणीस वर्षं जळलो. पण त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं माझ्या हसऱ्या भावाला हात करून निरोप दिला. मी ओरडतो, त्याला आईबहिणीवरनं शिव्या देतो, त्याला खाली ओढून दरीत ढकलावं म्हणून गाडीखालून निघायला धडपडतो, पण कुठूनही निघालो तरी मी गाडीखालीच असतो.

"ठाऊक असून?" मी विचारतो.

"ठाऊक असून. तुझ्यावानी."

आणि तो पेडल मारायला लागतो. दाब, सोड, दाब, सोड. तेल आता धारेनं येतंय, कॅलिपरवरनं, माझ्या मनगटावरनं. मी त्याला थांब म्हणतो. रंग ओला आहे, रंग जाईल, म्हणतो.

"जाऊ दे," वस्ताद म्हणतो आणि आणखी जोरात दाबतो.

मी बाकड्यावर उठून बसतो. सव्वातीन. दिवा चालू, गॅरेज रिकामं, गाडीचं दार बंद.

थेंब पडल्याचा आवाज येतोय. मी जाऊन वाकतो. उजव्या बाजूच्या निप्पलवर दहाचा पाना अडकलेला आहे आणि ते अर्धा आटा उघडं आहे. ब्रेक ऑइल हे रंगाचा काळ असतं, आणि ताज्या रंगाचा तर क्षणात बळी घेतं. माझा लाल रंग सुरकुतून, सोलून, फरशीवर उतरलाय. आतलं लोखंड उघडं पडलंय. पाना मी झोपेत लावला असेन. मी झोपेत कधी चाललो नाही, पण लावला असेन.

भडव्या, मी म्हणतो, मेलास तरी माझं काम नासवलंस.

असलं काम माझ्या गॅरेजातनं बाहेर पडत नाही. वैऱ्याच्या गाडीलाही मी ते लावून देणार नाही. कॅलिपर काढण्यावाचून इलाज नाही. आणि एक नव्यानं रंगवायचा तर दुसराही काढायला हवा, नाहीतर दोन्हींची छटा जुळत नाही. मी दोन्ही सोडवतो आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो, डावा डावीकडं, उजवा उजवीकडं.

अक्षता चाराच्या आधीच येते. गाडीकडं बघते, टेबलाकडं बघते.

"आज गाडी मिळायची न्हाई," मी म्हणतो. "कॅलिपर उलटं बसलं हुतं, डाव्याचं उजव्याला. तशीच घाटात नेली असतीस तर थांबली नसती."

तिचा चेहरा उतरतो. "कुणी बसवले?"

"म्या."

हे तिच्या बापाला जिवंतपणी एकदाही जमलं नाही. मला जमलं, आणि त्याचा मला जो आनंद होतो तो सज्जन माणसाचा आनंद नव्हे. ऐक, वस्ताद, मी मनात म्हणतो, असं म्हणायचं असतं.

"चुकून ना, काका?" तिला हसून विषय सोडून द्यायचाय. मी मान हलवली तर ती उद्या पुन्हा येईल, गाडी घेऊन जाईल, आणि तिचा बाप तिला वाटत आला तसाच तिच्याजवळ राहील.

"न्हाई," मी म्हणतो, आणि तिला बसायला स्टूल पुसून देतो.