स्पिरिटच्या बाटलीची पूजा

दौलत घाडीगावकरच्या नोकरीच्या कागदावर 'प्रयोगशाळा परिचर' असं लिहिलेलं आहे. हा शब्द त्याने स्वतः कधी उच्चारला नाही, आणि परळच्या त्या सरकारी विद्यापीठात दुसऱ्या कुणीही नाही. तिथे तो दौलतमामा. एकोणतीस वर्षं त्याने काचेची भांडी धुतली, फ्रीजमधले नमुने सांभाळले, माहीमच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभं राहून बाटल्या भरल्या, आणि वेळ पडली तेव्हा संशोधक पोरांची समजूतही काढली. त्याच्या डोळ्यांदेखत सतरा जण डॉक्टर होऊन गेले. "त्यातल्या अकरा जणांना धड बाटली विसळता येत नव्हती," असं तो खाजगीत सांगतो. उरलेल्या सहांबद्दल त्याचं मत विचारू नये.

काच धुण्याच्या बाबतीत तो कुणाचंच ऐकत नाही. पाणी काचेवरून सरळ ओघळलं तर काच स्वच्छ, थेंब धरून राहिला तर पुन्हा नळाखाली. दुसरा त्याचा हट्ट कोऱ्या पाण्याचा. कुठलाही नमुना यंत्रात घालण्याआधी नुसतं शुद्ध पाणी घालून बघायचं. कोऱ्या पाण्यात काही दिसलं, तर समजायचं की दोष आपल्या हाताचा आहे. नव्या विद्यार्थ्याला तो हे पहिल्याच दिवशी सांगतो. विद्यार्थी मान डोलावतात आणि दोन महिन्यांत विसरतात, कारण हे सांगणारा माणूस खांद्यावर फडका टाकून उभा असतो.

विभागप्रमुख इरावतीबाई मात्र त्याला मानायच्या. बाई कडक. बोलायला लागल्या की समोरचा आपोआप सरळ बसतो. सोमवारच्या बैठकीत सगळे संशोधक आपापलं काम मांडायचे आणि बाई एकेकाची फिरकी घ्यायच्या. त्या बैठकीला दौलतने असलंच पाहिजे असा त्यांचा दंडक होता. तो दाराजवळ उभा राहायचा. खुर्ची रिकामी असली तरी बसायचा नाही. तेवढं त्याला बरं वाटत नसे.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. दौलतचे वडील गुणाजी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळं खातं साच्यांची पूजा करायचं, झेंडूच्या माळा, नारळ, सगळा थाट. गुणाजी मात्र साच्याला टिळा लावून झाला की तेलाच्या कुपीलाही हळदकुंकू लावायचे, झाडूलाही लावायचे. लोक हसायचे. गुणाजी म्हणायचे, "मोठ्याक सगळेच पूजतत रे. ज्याच्यावाचून मोठ्याचा अडता, त्याका कोण बघता?" गिरणी गेली, गुणाजीही गेले, चाळीच्या जागी करी रोडला टॉवर उभा राहिला आणि घाडीगावकर चौदाव्या मजल्यावर राहायला गेले. पण दौलतने प्रयोगशाळेत खंडेनवमी एकदाही चुकवली नाही. यंत्रांना टिळा, तराजूला टिळा, आणि सगळ्यात शेवटी बापाची आठवण म्हणून स्पिरिटच्या बाटलीला. यंत्रात ठेवायच्या चौकोनी काचेच्या नळ्या धुवायचं ते स्पिरिट. बाटली म्हटली तर कस्पटासमान, पण तिच्यावाचून सगळ्यांचंच अडतं.

इतकी वर्षं ती बाटली काचेची होती, बुचाची. यंदा नवीन आली ती प्लास्टिकची, दाबली की चोचीतून पिचकारी मारणारी. पोटावर मोठं लेबल. लेबलावर टिळा लावला तर अक्षरं झाकतील, म्हणून दौलतने हळदीचं ओलं बोट चोचीच्या टोकाला लावलं, हात जोडले आणि दिवा घेऊन पुढे गेला.

दसऱ्याच्या सुटीनंतर नूपुर कामाला लागली. नूपुर दादरची, हुशार, हसरी, आणि पीएचडीच्या चौथ्या वर्षात असल्यामुळे जरा भेदरलेली. माहीमच्या खाडीतल्या पाण्यावर प्रकाश टाकला की ते उलट किती चकाकतं, हे मोजून पाण्यात काय काय मिसळलंय ते ओळखायचं, हा तिचा विषय. प्रकल्पाची मुदत संपत आली होती. पुढची तीन वर्षं मिळणार की नाही, हे ठरवणारी संशोधन समिती दहा दिवसांवर आली होती, आणि नूपुरच्या हाती सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. मुदत मिळाली नाही, तर तिचं काम अर्ध्यावरच राहणार होतं.

आणि अचानक तिला घबाड सापडलं. खाडीच्या पाण्यात हिरवट पिवळी चकाकी! ओळखीच्या कुठल्याच पदार्थाशी जुळत नव्हती. शिवाय नाल्याच्या तोंडाजवळचं पाणी जास्त चकाकत होतं, समुद्राकडचं कमी. आलेख असा देखणा आला की इरावतीबाईसुद्धा खुर्चीतून उठून बघायला आल्या. असा चकाकणारा एखादा नवा जीवाणू असावा, असं सगळ्यांना वाटलं. नूपुरने त्याचं नाव ठेवायची तयारी केली. तिच्या आजोबांनी, अप्पांनी, तर बिल्डिंगमध्ये पेढे वाटून टाकले. जंतू सापडल्याबद्दल वाटलेले पेढे शेजाऱ्यांनी जरा जपूनच खाल्ले, पण खाल्ले.

दौलतलाही पेढा मिळाला. त्याला मनापासून आनंद झाला. ही पोर त्याची लाडकी होती.

समितीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, तो स्पिरिटची बाटली भरायला बसला. चोच काढली आणि आतली नळी उजेडात धरली. नळी आतून पिवळसर दिसत होती. त्याने वास घेतला. वास हळदीचा होता.

सगळं एका क्षणात उलगडलं. ही बाटली दाबून सोडली की चोचीवरचा थेंब परत आत ओढते. थेंबाबरोबर हळद आत गेली होती. हळद पाण्यात विरघळायला कुरकुरते, पण स्पिरिटमध्ये चटकन उतरते, आणि प्रकाशात चकाकते हे तर त्याने याच खोलीत पाहिलेलं होतं. नाल्याजवळचं पाणी घाण, म्हणून त्या नळ्या नूपुर चार-पाच वेळा स्पिरिटने धुवायची. जितकं धुणं जास्त, तितकी हळद जास्त. देखणा आलेख खाडीचा नव्हताच. तो धुण्याचा होता. आणि कोरं पाणी तिने सुटीच्या आधी एकदा घातलं होतं, घाईत पुन्हा घातलंच नव्हतं.

बाटली त्याच्या हातात होती आणि नळ समोर होता. दोन मिनिटांचं काम. त्याच्याइतकं स्वच्छ धुणारा माणूस मुंबईत दुसरा नसेल. उद्या समिती टाळ्या वाजवील, पोरीला तीन वर्षं मिळतील, चकाकी पुढे दिसली नाही तर खाडी बदलली म्हणतील. कुणाला कळणार होतं? त्याने नळ सोडला. पाणी पडत राहिलं. मग त्याने नळ बंद केला आणि बाटली तशीच आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

घरी मालनने त्याच्याकडे एकदाच बघितलं. "तुमका काय झाला? तोंड कित्याक पाडलात?"

त्याने सगळं सांगितलं. चकाकी, जीवाणू हे तिच्या डोक्यावरून गेलं, पण हळद समजली.

"मगे सांगून टाका."

"गो, तिची तीन वर्षं जातील. आणि सगळे हसतील. म्हणतील, अडाणी शिपायाने देवदेव करून वाट लावली."

"हसतीत तर हसतीत. पन त्या चेडवान उद्या खोट्यावर घर बांधल्यान, तर ता पडतला तेवा तुमी खंय असशात?" मालन ताटात सोलकढीची वाटी ठेवत म्हणाली. "जेवा आधी."

सकाळी नऊ वाजता नूपुर आली ती नवी साडी नेसून. दौलतने बाटली तिच्यासमोर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. नूपुरला आधी ते पटेचना. मग पटलं, आणि ते जास्त वाईट होतं.

"मामा, तुम्ही... तुम्हाला काय गरज होती बाटलीला टिळा लावायची? कोण लावतं बाटलीला?" तिचा आवाज चिरकला. "तीन वाजता समिती आहे!" ती रडत रडत बाहेर निघून गेली.

तिचं काही चुकलं नव्हतं. दौलतला स्वतःचीच शरम वाटत होती. पण शरमेने हात थांबत नाहीत, निदान त्याचे तरी नाहीत. त्याने पंधरा नळ्या काढल्या आणि अशा धुतल्या की काच आहे की नाही कळू नये. सगळ्यांत भरायचं ते एकच, कोरं पाणी. पण त्याआधी पाच नळ्या ताज्या स्पिरिटने विसळल्या, पाच हळदीच्या बाटलीने एकदा, आणि पाच हळदीच्या बाटलीने पाच-पाच वेळा. मग त्याने यंत्र सुरू केलं. हे यंत्र चालवायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी मनाईही केली नव्हती. ज्याच्यावरची धूळ माणूस रोज पुसतो, त्याचं कुठलं बटण काय करतं हे त्याला कळतंच. आकडे त्याने पेन्सिलीने एका कागदावर लिहिले, मराठीत.

बाराच्या सुमाराला इरावतीबाई नूपुरला घेऊन आल्या. मुलीचे डोळे सुजले होते. बाईंनी तो कागद उचलला. पहिले पाच आकडे शून्याला चिकटलेले, दुसरे पाच जरा वर, तिसरे पाच थेट नाल्याच्या पाण्यासारखे.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

"मीच, बाई."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाय. म्हटलं, हळदच आहे हे नुसतं तोंडाने बोलून काय उपयोग? दिसायला पाहिजे."

बाईंनी आकडे पुन्हा एकदा वाचले. मग नूपुरकडे वळल्या. "आता तुझं तू ठरव. समितीपुढे तू उभी राहणार आहेस, मी नाही."

तीन वाजता नूपुर उभी राहिली. तिने आधी तो देखणा आलेख दाखवला. समितीचे अध्यक्ष चष्मा कपाळावर चढवून पुढे झुकले. मग तिने सांगितलं की हा आलेख चूक आहे, आणि कोरं पाणी पुन्हा मोजलं नाही ही चूक तिची स्वतःची आहे. अध्यक्ष म्हणाले, "हळदच होती कशावरून?" तिने पंधरा आकडे पडद्यावर टाकले आणि म्हणाली, "हे माझे नाहीत. आमच्या दौलतमामांचे आहेत. ते दाराशीच उभे आहेत."

सगळ्या माना वळल्या. दौलतच्या हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे होता. तो कुठे ठेवावा हे त्याला सुचेना.

"तुम्हीच का हळद लावलीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो साहेब," दौलत म्हणाला. "हळद मी लावली. आणि मोजली पण मीच."

कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळेच हसले, अध्यक्ष तर डोळे पुसेपर्यंत. त्या हसण्यात टिंगल नव्हती, हे दौलतला ट्रे हातात धरूनसुद्धा समजलं. "आता पूजा बंद का?" अध्यक्षांनी विचारलं. "पूजा कशाला बंद, साहेब? हार घालीन. लांबून," दौलत म्हणाला, आणि एकदाचा ट्रे टेबलावर ठेवला.

आठवड्याने निकाल लागला. तीन वर्षं मंजूर. जे आपली चूक पुराव्यासकट मांडतात त्यांना वेळ द्यायला हरकत नाही, असं समितीने लिहिलं होतं. खाली एक अट होती: या प्रयोगशाळेतला कुठलाही आकडा कोऱ्या पाण्याच्या तपासणीशिवाय बाहेर जाऊ नये, आणि त्या तपासणीवर श्री. घाडीगावकर यांची सही असावी. नूपुरने ते दौलतला दोनदा वाचून दाखवलं आणि मग सगळ्यांसमोर त्याच्या पाया पडली. "मॅडम, असं करू नका," म्हणत तो मागे सरकला आणि तराजूवर आपटला. अप्पांनी परत पेढे पाठवले. या वेळी जंतूशिवाय.

पुढच्या सोमवारी पहिला कागद सहीसाठी आला, तो इरावतीबाईंचा स्वतःचा. दिल्लीला तातडीने पाठवायचा होता. बाई कागद पुढे करून घड्याळाकडे बघत होत्या. दौलतने चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. एकोणतीस वर्षांत त्याने बाईंना कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याचं बोट एका जागी थांबलं.

"बाई, नमुने आजचे आणि कोऱ्या पाण्याचा आकडा शुक्रवारचा आहे."

"हो, म्हणजे... घाईत होते रे."

दौलतने कागद परत त्यांच्या हातात दिला. बाईंनी तोंड उघडलं. बैठकीला जमलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या. मग बाईंनी तोंड मिटलं, पदर खोचला आणि मुकाट्याने नळ्या विसळायला गेल्या. दौलतने जवळची रिकामी खुर्ची ओढली आणि त्यांची वाट बघत बसला.