हादरा बसला की घर सोडायचं नाही

इरा आणि निहार,

आधीच सांगते, तुमच्या आजीचा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. आयुष्यभर शाळेत फिजिक्स शिकवलं मी. आजोबांच्या दहाव्यालासुद्धा कावळ्याची वाट बघत बसले नाही. तरी फेब्रुवारीत जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते आहे. फोनवर सांगितलं असतं तर तुमच्या बाबांनी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली असती.

लग्नानंतर आम्ही कोलारजवळ, सोन्याच्या खाणींच्या गावात राहायचो. आजोबा खाणीत इंजिनिअर. खाली खोलवर कधी खडक फुटायचा आणि वर माझ्या कपाटातल्या कपबश्या खणखणायच्या. बायका घरं टाकून खाणीच्या तोंडाशी धावायच्या. मला मात्र आजोबांनी बजावलं होतं, "हादरा बसला की घर सोडायचं नाही. तू तिकडे गर्दीत, मी इकडे कुलपापाशी... चुकामूक नको. मी घरीच येईन."

आणि यायचे. पायरीवर दोनदा बूट आपटायचे, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "चहा टाक." बस्स, एवढंच.

पुढे बेंगळूरला, मल्लेश्वरममध्ये राहायला आलो. ते हॉस्पिटलमध्ये होते, मी अंघोळीपुरती घरी आले आणि तेवढ्यात ते गेले. चुकामूक झालीच. तेव्हापासून मी एक रात्रही घराबाहेर राहिलेली नाही. झोपताना दाराची वरची कडीही लावत नाही. तुम्ही दर वर्षी बोलावता, मी गुडघ्यांचं कारण सांगते.

शेजारची पल्लवी मला त्या गावी घेऊन गेली. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं. "काकू, तिथे आता सायकलिंगला जातात सगळे. तुमच्या बंगल्याचा होमस्टे झालाय! स्वल्प बाहेर पडा की. संध्याकाळी घरी सोडते, सरी? ठीक आहे ना?"

खाणी बंद पडून पाण्याने भरल्यात. पण खाणीतून काढलेल्या मातीच्या त्या राखाडी टेकड्यांवर रंगीत हेल्मेटवाली मुलं सायकली चढवत होती. पलीकडच्या कड्यावर दोर लावून उतरणं चाललं होतं. आमच्या झोपायच्या खोलीत भाड्याच्या सायकली! होमस्टे चालवणारी नंदिनी म्हणाली, "अज्जी, हे तुमचं घर? मग कॉफी माझ्याकडून."

"चहा नाही का?"

"इथे चहा मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच," म्हणून हसली आणि आधण ठेवायला गेली.

दुपारची वेळ. पल्लवी टेकडीवर. मी आत टेबलाशी एकटीच... आणि फळीवरचे कप खणखणले. तळपायांना जमीन थरथरलेली कळली. मी उठले, दाराकडे निघाले – आणि थबकले. घर सोडायचं नाही.

"ट्रक गेला असेल, अज्जी," आतून नंदिनी. खिडकीतून रस्ता दिसत होता. रिकामा होता.

मग पायरीवर बूट आपटले. दोनदा. व्हरांड्यातली वेताची खुर्ची करकरली.

"पल्लवी?"

बाहेर आले. कुणी नव्हतं. लाल फरशीवर ओल्या, राखाडी चिखलाचे बुटांचे ठसे होते. पायरीपासून खुर्चीपर्यंत. परत गेलेले नव्हते. बाहेर अंगणातली माती उन्हाने भेगाळलेली.

नंदिनी चहा घेऊन मागे आली. "कोण आलं होतं? आत्ताच पुसली होती की फरशी!"

म्हणजे ठसे तिलाही दिसले. हे मुद्दाम लिहिते आहे.

तिच्या हातातला कप घेऊन मी त्या खुर्चीपुढे ठेवला. चहा निवला, वर साय धरली. ठसे हळूहळू वाळले. पल्लवी आली तेव्हा वाऱ्याने धूळसुद्धा उडून गेली होती.

तिचे बूट मी पाहिले. कोरडे होते. त्या दिवशी भूकंपाची बातमी कुठेच नव्हती. सगळं तपासलं, ताळा जमत नाही. अजूनही नाही.

पण परतीच्या गाडीत एक लक्षात आलं. ते "घरी येईन" म्हणाले होते, ते त्या घरी. मी इतकी वर्षं इथे मल्लेश्वरमला वाट बघत बसले होते. चुकीच्या घरात.

त्या रात्री मी वरची कडी लावली. आता बाहेरून यायचं कुणी उरलेलं नव्हतं. मग पहिल्यांदा कळलं, हे घर केवढं रिकामं आहे ते.

तिकीट काढा माझं. गुडघे ठीक आहेत.

– आजी