भरमूच्या बोटाचा भंडारा

भरमू दलालानं जनावराच्या कपाळाला भंडारा लावला, की सौदा संपला. मग ब्रह्मदेव आडवा आला तरी मोडायचा नाही. संकेश्वरच्या बाजारात चाळीस वर्षं हा माणूस टॉवेलखाली बोटं धरून बैलांचे भाव ठरवत आला, आणि यल्लम्माच्या भंडाऱ्याची पुडी कायम त्याच्या खिशात. विकणारा फक्त त्याच्या बोटाकडं बघायचा. पिवळं लागलं, की दावं काढून घ्यायचं आणि बैल द्यायचा. दावं तेवढं घरच्यांनी ठेवायचं, असा रिवाज. दुसऱ्या दिवशी कुणी रडत आलं, तर भरमू वसकन अंगावर जायचा. "एकदा लागलं की लागलं! पुसायला ती काय पाटी हाय?"

म्हणून तर काकतीकडची मालुबाई त्याच्याकडं आली. तिचा नवरा परशराम वारला आणि मागं शर्यतीचा बैल राहिला, हौशा. घरात त्याला पळवणारं कुणी नाही. नात सौम्या नर्सिंगला जायची म्हणत होती. तिची फी, होस्टेल, सगळं ह्या एका बैलावर. "तुमी म्हणशीला तो भाव, अण्णा," ती म्हणाली.

गिऱ्हाईकही लगेच मिळालं. निपाणीच्या पलीकडचा कुणी पाव्हणा, पांढरे बूट, सोबत टेम्पो. अठरा लाखांना बोटं जुळली. पण भरमूला मघापासून एक गोष्ट खटकत होती. ह्या बाबानं बैलाचं तोंड उघडून दात बघितले नाहीत. खूर उचलला नाही. चार पावलं पळवून बघितलं नाही. अठरा लाखांचा बैल, आणि ह्याचं सगळं लक्ष मोबाईलमध्ये! चाळीस वर्षांत असलं गिऱ्हाईक भरमूनं बघितलं नव्हतं, आणि तरी तो गप्प बसला. तिथंच चुकलं.

"बँका सोमवारपातूर बंद," पाव्हणा म्हणाला. "क्रिप्टोत देतो, मोबाईलवरचं डिजिटल नाणं. वर दोन लाख जास्त."

दोन लाख म्हणजे पोरीचं होस्टेल. भरमूच्या मोबाईलमध्ये तसलं पाकीट होतं. बेळगावात कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या पुतण्यानं, सौरवनं, हौसेनं घालून दिलेलं. भरमूनं त्याला फोन लावून पाव्हण्याच्या नाण्याचं नाव सांगितलं.

"काका, हे नाणं लई बारकं हाय, थोड्याच मशिनींवर चालतंय," सौरव म्हणाला. "पैसं आलेलं दिसलं तरी खरं धरू नका. खाली एक आकडा वाढत जाईल. साठ झाल्याबिगर बैल सोडू नका. दोन तास लागतील."

"दिसल्यावर आनि कशाला थांबायचं रं?"

"ह्या पैशाच्या हिशोबाची वही कुणा एकाकडं नसती, काका. जगभरच्या कॉम्प्युटरांकडं एकच वही. कवाकवा तिच्या दोन वह्या व्हत्यात. मग जी लांब, ती खरी. आखूड वहीतली पानं फेकून देत्यात. तुमच्या पानावर जेवढी पानं चढतील, तेवढं ते पक्कं व्हत जातंय."

"जरा जरा पक्कं?" भरमू खवळला. "पोरीचं लगीन जरा जरा लागतंय व्हय रं?" आणि त्यानं फोन ठेवला.

पैसे आले. खाली आकडा एक. मग दोन. भोवती दहाबारा व्यापारी जमलेले. पाव्हणा हसला. "अण्णा, मी तुमच्या बोटावर भरवसा ठेवला. तुमचा माझ्यावर न्हाय व्हय?"

चारचौघांत हे झोंबलं. दोन तास थांबा म्हणायचं, म्हणजे पाव्हण्याला चोर म्हणायचं आणि आपल्या बाजाराची रीत मोडायची. आकडा तीन झाला.

"पैसं आलं व्हय, अण्णा?" मालुबाईनं विचारलं.

"आलं. पक्कं." आणि त्यानं हौशाच्या कपाळाला भंडारा ओढला.

हौशा टेम्पोत चढेना. पुढचे पाय रोवून मालुबाईकडं बघत राहिला. चार माणसांनी ढकलून चढवला. ती दावं हाताला गुंडाळून तिथंच उभी राहिली.

टेम्पो गेला. भरमूनं चहा मागवला. नऊ. बारा. सतरा. 'वाढतंय की!' त्याला बरंसुद्धा वाटलं. मग मोबाईलचा पडदा हलला, आणि आकडा गेला. आकडाच काय, वीस लाखसुद्धा गेले. पाकिटात शून्य. त्याला वाटलं रेंज गेली. सदऱ्यानं मोबाईल पुसला, हायवेपर्यंत चालत गेला, हात उंच धरून बघितलं. शून्य.

सौरवनं कॉम्प्युटरवर बघून पाच मिनिटांनी फोन केला. त्याचा आवाज पार उतरला होता. "काका, त्यानं भाड्यानं मशिनी घेऊन चोरून दुसरी वही लिहिली. आपल्यापेक्षा लांब. तिच्यात तेच पैसं त्यानं सोताच्याच खात्यावर घातल्यात. आता सगळ्यांनी तीच खरी धरली."

"अरं, पण ह्या डोळ्यांनी बघितलंय मी!"

"त्या वहीत तसं काय घडलंच न्हाय, काका."

 चोरी झाली तर फुटलेलं कुलूप तरी राहतं. इथं काय दाखवायचं? पोलिसांनी विचारलं, पैसे दिल्याघेतल्याचा पुरावा काय? मोबाईल कोरा. टेम्पो कधीच महाराष्ट्रात. साक्षीदार मात्र दहाबारा, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं: भंडारा भरमूनं लावला.

संध्याकाळी तो मालुबाईच्या दारात गेला.

"तुमी म्हणालासा पैसं आलं."

"आलतं, आक्का."

"मग गेलं कुठं?"

"कुठं गेलं न्हाईत. आलंच न्हवतं, म्हणत्यात."

 मालुबाईला वाटलं, हा फसवतोय. आणि तसं वाटलं म्हणून तिला दोष तरी कसा द्यावा? ती आत गेली, हौशाचं दावं आणलं आणि त्याच्या अंगावर टाकलं. "तुमच्या शब्दावर गेलाय. तुमच्या शब्दावर आणा."

दोन महिने झाले. भरमू आता बाजारात फिरकत नाही. खांद्यावर दावं टाकून निपाणीच्या पुढं सीमेवरच्या नाक्यापाशी उभा असतो. जनावरांचा टेम्पो दिसला की आडवा जातो आणि एकेका बैलाच्या कपाळाकडं निरखून बघतो. ड्रायव्हर शिव्या घालतात.

सौरव त्याला घरी न्यायला येतो. "काका, चला आता. भंडारा कवाच धुऊन गेला असंल."

"लागलं की लागलं, रं!" भरमू ओरडतो, आणि पुढच्या टेम्पोला हात करतो.