कानबाईचा रोट

कॉलेजात मी गुजराती बोलायचे, आणि तेही असं की आम्ही खानदेशातले आहोत हे कुणाच्या लक्षातही येऊ नये. वडील सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवणारी, आणि कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिली. आई गल्लीभर माझं कौतुक सांगत सुटायची. मला त्याचं ओझं व्हायचं. मराठी शाळेतून आलेली मी. इंग्रजीतलं लेक्चर सुरू झालं की छातीत धडधडायचं, तळहातांना घाम फुटायचा. शेवटी वर्गात जाणंच सोडलं. सकाळी डबा घेऊन निघायचे आणि उधना स्टेशनच्या बाकावर बसून राहायचे. हे आईला कळलं तर काय होईल, या धास्तीने माझी झोप उडाली होती.

श्रावणात आमच्याकडे खानदेशची देवी कानबाई बसते. तिच्या नैवेद्याचे गव्हाचे रोट फक्त कुळातल्यांनीच खायचे, बाहेरच्याला कणभरही द्यायचा नाही, असा दंडक.

यंदा नेमकी रोटांच्या संध्याकाळीच माझी वर्गातली सुरती मैत्रीण पत्ता शोधत दारात हजर. मी तिचे फोन उचलत नव्हते ना! आई तिच्यासाठी पाणी आणायला वळली, तेवढ्यात या बाईसाहेबांनी समोरच्या ताटातला रोट प्रसाद समजून तोडला आणि तोंडातही टाकला. सुरती माणसाला खायचा आग्रह करावा लागत नाही.

मोठ्या काकूने कपाळाला हात लावला. मैत्रीण घास तोंडात तसाच धरून सगळ्यांकडे बघत राहिली. आईने मात्र खिरीची वाटी तिच्यापुढे सरकवली.

"खाय, बेटा. आते तू मनी आंडेर शेस."

आमच्या अहिराणीत आंडेर म्हणजे लेक, हे मीच तिला गुजरातीत सांगितलं आणि फसले. तिने घास गिळला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आईला म्हणाली, "तो मासी, घरनी थईने कहुं छुं. आ कॉलेज आवती ज नथी."

घरची होऊन सांगते, ही कॉलेजला येतच नाही, एवढं गुजराती सुरतेत इतकी वर्षं काढलेल्या आईला न कळायला काय झालं? पण तिने फक्त डब्याचं विचारलं, "मंग डबा कोठे खास तू?"

"उधना स्टेशनवर."

"एकलीच?"

मला हुंदका आवरेना. कानबाईसमोरच मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडून घेतलं आणि वर्गातल्या धडधडीचं सगळं सांगून टाकलं.

पुढच्या आठवड्यात आई माझ्याबरोबर मनाच्या डॉक्टरांकडे आली. गोळ्या, गप्पा, सगळं सावकाश चाललं. परीक्षा आली की छाती अजूनही धडधडते. पण मी वर्गात बसते, शेजारी ती मैत्रीण असते आणि ती माझ्याकडून अहिराणी शिकलीय, त्यामुळे तिच्याशी माझं अर्धं बोलणं अहिराणीत चालतं. डब्यात आई दोघींपुरत्या पोळ्या भरते. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की अभ्यासाचं, मार्कांचं काही न काढता तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज कोनासंगे खादा डबा?"