फौजेला पिना पुरवणारे मामा

लेथवाल्या मामांकडून कुठलीही वस्तू मागितल्या मापाची कधी मिळाली नाही. ती अंमळ जाडच मिळायची. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याच्या बिजागरीला पिन करून मागितली, तर मामा ती केसभर जाड ठेवायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना म्हणायचे, "वरून घातलं थोडं. ठोकून बसवा, मंग जन्मात हालायची न्हाई." भाजीवाली माप झाल्यावर मूठभर वर टाकते, तसं हे लोखंडातलं वरचं माप. गिऱ्हाईक घरी जाऊन घाम गाळत ती पिन ठोकून बसवायचं आणि वर गावभर सांगायचं, की पिन करावी तर वसमतच्या मामांनीच.

त्यांच्या दुकानासमोर माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र होतं. मध्ये फक्त गल्ली. मामा मूळचे बंजारा तांड्यावरचे. मामींशी गोरमाटीत बोलायचे, आमच्याशी मराठीत आणि लेथशी हिंदीत. यंत्र अडलं की "चल बेटा, नखरे मत कर" असं चुचकारायचे. हीच माया कारागिरांच्या वाट्याला मात्र क्वचित यायची. मी त्यांच्या लेकीपेक्षा लहान, तरी मला ते "माय" म्हणत. दुपारी मामींनी पाठवलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा गल्ली ओलांडून माझ्या टेबलावर यायचा. आता मी नांदेडला असते, बरं जेवते, पण त्या ठेच्याची चव काही जिभेवरून जात नाही.

मामांचा धंदा हळदीवर चालायचा. हळद शिजवायचे कुकर, पॉलिशचे ड्रम, त्यांचे आस, दांडे, पिना. हंगामात दुकानात पाय ठेवायला जागा नसे. पावसाळा लागला, की लेथवर गोणपाट पडायचं आणि कारागीर पुण्याची गाडी धरायचे. जाताना "दसऱ्याला येतो मामा" म्हणायचे. काही यायचे, बरेचसे तिकडच्या कारखान्यांत जिरायचे. "पोरगं म्या घडवायचं आन् पुण्यानं उचलायचं," मामा चिडून म्हणायचे. त्यांचा सगळ्यात हुशार कारागीर रामेश्वर. त्याने एका साली स्पष्टच सांगितलं, की यंदा गेलो तर बायकोलेकराला घेऊनच जातो, मग परत येणं नाही. मामांना ते फार लागलं.

त्याच सुमारास ते नांदेडला लघुउद्योजकांच्या कुठल्याशा मेळाव्याला जाऊन आले आणि परस्पर माझ्या टेबलासमोर येऊन बसले. "माय, फौजेला पिना लागतेत. ट्रेलरच्या, जीपच्या, कशाकशाच्या. बाराही महिने लागतेत. आन् आपल्यासारख्या बारक्या दुकानाकडूनबी घेतेत." मी म्हटलं, मामा, लष्कराचं काम म्हणजे मोठ्या कंपन्यांचं. ते एकदम ताठ झाले. "आमचं बापजादे बैलांवर धान्य लादून फौजंमागं फिरत होते. फौजेला पुरवठा हा आमच्या घरचाच धंदा हाय. तू फकस्त कागदाचं बघ."

कागदाचं बघणं म्हणजे काय, ते मलाही तेव्हाच कळलं. आधी लहान उद्योग म्हणून नोंदणी. मग सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नाव. मग डिजिटल सही. ती एका बोटाएवढ्या उपकरणात असते, हे मामांना शेवटपर्यंत पटलं नाही. लहान उद्योगांना अनामत माफ असते, हे वाचून दाखवल्यावर मात्र त्यांचा सरकारवरचा विश्वास एकदम वाढला. खरी तकलीफ होती ओटीपीची. त्यांचा मोबाइल दुकानातल्या देवाच्या फोटोमागे. मी गल्लीतून ओरडायची, मामा लेथ थांबवणार, हात पुसणार, चष्मा शोधणार, आकडे मोठ्याने वाचणार, तोवर ओटीपीची वेळ संपलेली. मग सगळं पहिल्यापासून. अख्ख्या गल्लीला मामांचे ओटीपी ठाऊक असत.

पहिली निविदा त्यांनी भरली ती जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात बैल विकावा तशी. दर सांगितला तो मी ऐकून घाबरलेच. "एवढा?" मामा गालात हसले. "आधी वर सांगायचं असतंय. समोरचा खाली ओढतो, आपण थोडं उतरतो, मग दोघांची इज्जत राहते." मी सांगून पाहिलं, की इथे घासाघीस नसते, एकदाच काय तो दर भरायचा, सगळ्यांचे दर एकदम उघडतात, आणि चालणाऱ्या मालात ज्याचा दर कमी त्याला काम. ते ऐकतील तर मामा कसले! निविदा उघडल्यावर आमचा क्रमांक शेवटून पहिला होता. तरी मामा पुढचा आठवडाभर मोबाइल जवळ घेऊन बसले. "त्या साहेबानं फोन काहून न्हाई केला? मी उतरायला तयारच होतो की." मला हसू आवरेना आणि त्यांचं तोंड बघून हसवेनाही.

दुसऱ्या वेळी ते शहाणे झाले. पोलाद, मजुरी, पॅकिंग, पाठवणी, सगळं नीट धरून एकच सरळ दर काढला. काम मिळालं. ट्रेलरच्या फाळक्याच्या पिना. आधी नमुना पाठवायचा, तो पास झाला तर बाकीचा माल करायचा. भंगारातला जुना आस चालणार नव्हता. पोलाद चाचणीच्या प्रमाणपत्रासह विकत आणावं लागलं. मामांनी नमुने स्वतः केले, रामेश्वरला हातही लावू दिला नाही. डबा पाठवला तेव्हा मिरगाचा पाऊस लागला होता. रामेश्वर पिशवी भरून तयारच होता. मामांनी त्याला निकालापर्यंत थांबवून घेतलं.

निकाल आला, नमुना नापास. पोलाद चांगलं, फिनिश चांगलं, फक्त जाडी जास्त. प्रत्येक पिनेची, न चुकता, सारखीच जास्त. मी मामांकडे पाहिलं. ते खाली बघून म्हणाले, "जवानासाठी हात आखडता कसा घ्यायचा, माय? वरून घातलं थोडं."

मी कपाळावर हात मारला. रामेश्वरने तर पिशवी उचललीच. मामांनी मला अहवालात दिलेल्या नंबरवर फोन लावायला सांगितलं. तिकडचे तपासनीस भले गृहस्थ निघाले. ते हिंदीत शांतपणे म्हणाले, "देखिए, ट्रेलर आपका बनाया हुआ नहीं, पीछे का पल्ला किसी और का, पिन आपकी. वहाँ बर्फ में जवान के हाथ में मोटे दस्ताने होते हैं. पिन हाथ से लगनी चाहिए और हाथ से निकलनी चाहिए. हथौड़ा ढूँढने का टाइम नहीं होता." नमुना आणखी एकदा पाठवायची मुभा होती.

फोन ठेवल्यावर मामा लेथजवळच्या स्टुलावर टेकले. मला वाटलं, माणूस खचला. पण ते उठले ते रामेश्वरकडे वळून. "आपली पिन अडकली आन् लेकरू तिथं गारठ्यात झटत बसलं, तर ती माया कसली रे? ती तर आपली मिजास झाली." मग पहिल्यांदाच त्यांनी लेथ त्याच्या हाती सोडली. "तूच कर. माझा हात वर जातोच. तुझा बराबर पडंल." रामेश्वरने पिशवी खाली ठेवली. तो टर्निंग करत होता आणि मामा दर पिनेला माप लावून बघत होते. एखादी पिन मापात चपखल आली, की स्वतःच केल्यासारखे खूश व्हायचे.

दुसरा नमुना पास झाला. त्या श्रावणात वसमतमध्ये पहिल्यांदाच भर पावसात लेथ चालली. मामांनी दुकानाबाहेर पाटी लावायचा घाट घातला होता, 'फौजेचे पुरवठादार'. मी म्हटलं, मामा, असं लिहिता येत नाही. ते रुसले, आणि मग गिऱ्हाइकाला ते तोंडानेच सांगायला लागले. शेतकऱ्याची पिन करताना मात्र त्यांनी जुनी रीत सोडली नाही. "शेतकऱ्याला वरून, फौजेला बराबर," हा नवा कायदा त्यांनी कारागिरांना पाठ करायला लावला.

पुढे आणखी कामं मिळाली, काही हुकलीही. एका पावसाळ्यात अशाच एका कामाची माल पोचवायची तारीख तोंडावर आली असताना मामा गेले. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत संपलं होतं. तांड्यावर आम्ही सगळे गेलो. पुण्याला गेलेले जुने कारागीरसुद्धा आले, मान खाली घालून एका बाजूला उभे राहिले. मी इतकी रडले, की मामीच मला समजावत होत्या.

दुकान बंदच राहणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. तिसऱ्या दिवशी मामी दुकानात आल्या आणि शटरला हात घातला. भाऊबंद चिडले. "सुतकात मशीन लावता? लोक काय म्हणतील?" मामींच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं, पण आवाज हलला नाही. "तारीख फौजेला दिलेली हाय. ते असते तर त्यांनीच उठवलं असतं तुमाला. रामेश्वर, लाव."

रामेश्वरने लेथ लावली. काल-परवा पुण्याहून आलेला एक जण पुढे झाला आणि पिना मोजून डब्यात भरायला लागला. मी समोर माझ्या टेबलावर डोकं टेकून तो आवाज ऐकत होते. माल तारखेला पोचला. त्या पावसाळ्यात मामांच्या दुकानातून पुण्याला कुणीच गेलं नाही.