तुळशीला फासलेली वरळीची माती

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मला कोनाड्यात तांबड्या मातीच्या तीन पुड्या दिसल्या. ह्यांनी गेरू आणला असे समजून मी तिन्ही एकत्र कालवल्या आणि वृंदावन रंगवून टाकले.

हे जेवायला आले आणि अंगणातच थबकले. "अगं, ती साहेबाची माती! वरची, मधली, खालची. उद्या सकाळी द्यायची आहे!"

डोंगर-माती तपासणाऱ्या साहेबाकडे हे नुकतेच कारकून लागले होते. नोकरी अजून कायम नव्हती.

"चल आता पिशवी धरायला," हे रागाने म्हणाले. मी देवदर्शनाखेरीज गिरगावाबाहेर गेलेली नव्हते. बैलगाडीत बसताना भीती वाटली, आणि खरे सांगायचे तर आनंदही झाला.

वरळीच्या खाणीत, एकेकाळी वितळून वाहत आलेल्या दोन काळ्या खडकांमध्ये, हातभर तांबडा थर आहे आणि साहेबाला त्याची वरची, मधली, खालची माती वेगवेगळी हवी आहे, असे हे वाटेत सांगत होते. पोचून पाहतो तो सुरुंगाने कडाच पाडलेला. तांबडी ढेकळे खाली एका ढिगात! वरचे कुठले, खालचे कुठले? हे कपाळाला हात लावून बसले. मी ढेकळे चाचपू लागले.

टोपली घेऊन जाणारी एक कोळीण हसली, "काय गो बाय, आज मासली सोरून डोंगर रांधणार काय?"

रांधणार! माझा हात थांबला. हातातले ढेकूळ विटेसारखे कडक होते. दिवाळीआधी मी जुनी चूल मोडली, तेव्हा तिच्याखालची माती अशीच निघाली होती. वर भाजलेली, खाली मऊ. दुसऱ्या मऊ ढेकळात तर बारीक भोके होती, गवताची मुळे कुजून राहतात तशी. म्हणजे इथे कधीतरी गवत होते! त्यावर हा काळा खडक रसरसत आला!

"अहो, हे कडक ते वरचं, मऊ ते खालचं, अर्धवट भाजलेलं ते मधलं."

"तुला काय ठाऊक?"

मी चुलीचे सांगितले. ह्यांनी दोन ढेकळे नखाने खरवडून पाहिली आणि पुड्या बांधायला घेतल्या.

सकाळी साहेब घरी आला. ह्यांनी कडा पडल्याचे सांगून टाकले. साहेबाने ढेकळे उलटसुलट पाहिली आणि मोडक्या मराठीत विचारले, "बरोबर आहे. कसे ओळखले?"

हे दाराकडे पाहू लागले. दाराआड मी पदर घट्ट धरला होता.

"चुलीखालची माती बघा म्हणावं," मी म्हणाले, आणि माझाच आवाज ऐकून दचकले.


साहेबाने ते वहीत लिहून घेतले. आत येऊन हे हळूच म्हणाले, "पुढच्या खेपेलाही चल. पण गेरू बाजारातूनच आण."